पौड रोड ते कारियाकू: बिलिंगचं सॉफ्टवेअर घेऊन पूर्व आफ्रिकेत

निघण्याआधी, पुणे

पौड रोडवरची पंचविसेक माणसांची कंपनी. माल एकच, दुकानदार आणि घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक म्हणजे नाना पेठेतले सुटे भागवाले, बोहरी आळीतले हार्डवेअरवाले, झालंच तर सांगली-सोलापूरचे औषधांचे वितरक. त्यांच्यातल्याच एकाचे भाऊबंद नैरोबीत आहेत. "तिकडेही हेच दुखणं आहे, एकदा बघून या," असा निरोप आला आणि जुलैच्या मध्यात तिघांचा दौरा ठरला: नैरोबी, मोंबासा, शेवटी टांझानियातलं दार एस सलाम, थोडक्यात 'दार'. तिघं म्हणजे एक विक्रीचा, एक कोड लिहिणारी, एक हिशेबाचा. दौऱ्यात सगळ्यात जास्त प्रश्न हिशेबवाल्याला आले.

जुलैचा मध्य मुद्दाम निवडला. ७ जुलै म्हणजे 'सबासबा'. टांझानियात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि दारमध्ये त्याच सुमारास मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. केनियात तो १९९० च्या आंदोलनाचा स्मरणदिन, त्यामुळे नैरोबीच्या मध्यवस्तीत त्या दिवशी शटर खाली असण्याची शक्यता मोठी. दोन्हीकडे काम होत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यायची, त्याशिवाय पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, ग्राह्य धरत नाहीत. ते एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. परतताना भारतातही ते बघतात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायचा परवाना, आणला, शुल्क ३० डॉलर, अर्ज किमान तीन दिवस आधी. टांझानियाचा पर्यटकाचा व्हिसा ५० डॉलरला आणि कामाचा २५० डॉलरला. दोनशे डॉलर वाचवायला पर्यटक म्हणून शिरून दुकानात लॅपटॉप उघडून बसू नका. हिशेबाच्या बाजूने जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, त्या आर्थिक वर्षाचं भरलेलं हवं, आणि आयकर खात्याकडून भारतीय रहिवासी असल्याचा दाखला, म्हणजे टीआरसी, काढलेला हवा. तो का, ते बुधवारच्या मजकुरात येईल.

सामान भरताना कॅरीबॅग काढून टाका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पायांचे. डेमोसाठी थर्मल प्रिंटर नेणार असाल तर वापरलेला न्या. सीलबंद खोकं दिसलं की सीमाशुल्काची चौकशी सुरू होते.

रविवार: नैरोबी

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ अडीच तास मागे. विमानतळाबाहेर पडल्यावर पहिला धक्का थंडीचा. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरहूनही उंच, आणि जुलै हा तिथला गारठ्याचा महिना. पहाटे बारा अंशांपर्यंत उतरतं, दुपारपर्यंत आभाळ भरलेलं. आफ्रिका म्हणून सुती शर्ट भरून आणणारे पहिल्याच संध्याकाळी स्वेटर शोधत फिरतात.

विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सफारीकॉम या मोबाइल कंपनीचं सिम घ्या आणि त्याच खिडकीवर एम-पेसा, म्हणजे त्यांची फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, चालू करून मागा. भारतातून घेतलेलं नुसतं डेटाचं ई-सिम इथे निरुपयोगी, कारण त्यावर एम-पेसा येत नाही. टॅक्सी, चहा, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यावर चालतं. शिवाय ज्या गोष्टीशी सॉफ्टवेअर जोडायचं आहे ती आठवडाभर स्वतःच्या हाताने वापरणं हा अभ्यासाचाच भाग आहे. शिलिंगचा भाव ढोबळमानाने ७० पैशांच्या आसपास धरा.

मुक्काम पार्कलँड्समध्ये केला. डायमंड प्लाझात इडलीपासून पानापर्यंत सगळं मिळतं, शाकाहारी माणसाची चिंता मिटते. पण तिथलाच 'चिप्स मसाला' चुकवू नका. बटाट्याच्या तळलेल्या फोडी टोमॅटो-मिरची-कोथिंबिरीच्या मसाल्यात घोळवलेल्या. हा पदार्थ ना पुरता भारतीय ना पुरता आफ्रिकी, अस्सल नैरोबीचा.

सोमवार: किरिन्यागा रोड

गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार इथे. टायर, बेअरिंग, गास्केट, मोजता येणार नाहीत इतक्या पाट्या, हातगाड्यांवर इंजिनाचे अर्धे धड, आणि गिऱ्हाइकाने हातात जुना भाग धरून "असाच द्या" म्हणणं. नाना पेठेत वाढलेल्या माणसाला इथे रस्ता विचारावा लागत नाही.

निमंत्रण देणारे व्यापारी कच्छी, तिसऱ्या पिढीचे. आजोबांच्या काळापासूनचं दुकान. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांची कहाणी बहुतेक वेळा युगांडा रेल्वेपासून सांगतात. १८९६ ते १९०१ या काळात ती बांधायला पंजाब-गुजरातेतून मजूर आणले गेले आणि दुकानदार त्यांच्या मागोमाग आले. जुलै २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. शेठ कामगारांशी स्वाहिलीत, आमच्याशी हिंदीत, फोनवर कच्छीत आणि हिशेबनीसाशी इंग्रजीत बोलत होते, तेही एकाच मिनिटात.

डेमो मांडला. रंगीत आलेख, साठ्याचे इशारे, बारकोड. शेठनी शांतपणे बघितलं आणि गल्ल्यावर बसलेल्या बाईंना बोलावलं. "भाई, हे सगळं टॅलीत नाही तर एक्सेलमध्ये होतं माझं. हिला विचारा हिचा दिवस कुठे जातो."

त्यांचा दिवस एम-पेसात जात होता. एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं आणि आता दुकानातली रोकड जवळपास त्यानेच खाल्ली आहे. दुकानाकडे पैसे घ्यायचे दोन मुख्य प्रकार. 'पेबिल'मध्ये गिऱ्हाईक दुकानाचा क्रमांक आणि खाते क्रमांक, दोन्ही टाकतो. खाते क्रमांकाच्या जागी बिल क्रमांक टाकायला लावला की पैसे आपोआप बिलाला लागतात. 'टिल'मध्ये खाते क्रमांकच नसतो, पैसे नुसते येऊन पडतात. या दुकानात टिल होता. गिऱ्हाईक मोबाइलवरचा एसएमएस दाखवतो, बाई त्यातला दहा अक्षरी व्यवहार क्रमांक वहीत उतरवतात, संध्याकाळी तो सफारीकॉमच्या यादीशी पडताळतात. शून्य आणि ओ अक्षर यांत गल्लत होते. बनावट एसएमएस दाखवून माल घेऊन जाणारेही असतात. पाच हजार शिलिंगचे दोन व्यवहार एकाच मिनिटात आले की कोणते कोणाचे यावर वाद.

उत्तर एसटीके पुश. दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून गिऱ्हाइकाच्या फोनवर रकमेसह विनंती जाते, तो पिन टाकतो, निकाल परत येतो. सफारीकॉमचं 'दराजा' नावाचं एपीआय, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायचा दरवाजा, यासाठी आहे. कागदावर सोपं, गल्ल्यावर अडखळतं. रकमेत दशांश चालत नाही, पूर्ण शिलिंगच पाठवावे लागतात, म्हणून बिल आधीच गोल करायला हवं. फोन क्रमांक २५४ ने सुरू करायचा. ०७ चे जुने क्रमांक सगळे लक्षात ठेवतात, ०१ ची नवी मालिका विसरतात, आणि मग नव्या सिमचं गिऱ्हाईक 'अवैध क्रमांक' म्हणून परत जातं. निकालाचा आकडा ० म्हणजे पैसे आले, १ म्हणजे खात्यात शिल्लक नाही, १०३२ म्हणजे गिऱ्हाइकाने रद्द केलं, १०३७ म्हणजे फोनपर्यंत विनंती पोचलीच नाही किंवा उत्तर आलं नाही. या चारांसाठी गल्ल्यावर चार वेगळी वाक्यं दिसली पाहिजेत. सगळ्याला 'व्यवहार अयशस्वी' लिहिलं की कॅशियर दुसऱ्यांदा विनंती पाठवते आणि गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा जातात.

निकाल कळवणारा कॉलबॅक, म्हणजे सफारीकॉमकडून उलट येणारा संदेश, कधीकधी येतच नाही. म्हणून वाट बघत बसायचं नाही, थोड्या वेळाने स्थिती विचारणारी वेगळी हाक स्वतःहून मारायची आणि विनंतीचा क्रमांक जपून ठेवायचा, म्हणजे तोच निकाल दोनदा आला तरी नोंद एकच होईल. कॉलबॅकचा पत्ता एचटीटीपीएसच हवा. पेबिलसाठी पत्ते नोंदवताना त्यात 'एमपेसा', 'सफारीकॉम', 'क्वेरी' असले शब्द असतील तर नोंदणी नाकारली जाते. हे कळायला एखाद्या टीमचा अख्खा दिवस जाऊ शकतो.

घाऊक व्यापाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. एम-पेसाची एका व्यवहाराची मर्यादा अडीच लाख शिलिंग आणि दिवसाची पाच लाख. सुट्या भागांचं बिल सहज त्यापुढे जातं. मग थोडं एम-पेसाने, उरलेलं चेकने. चेकही दहा लाखांच्या आतलाच, त्यापुढे आरटीजीएस. एका बिलाला चार प्रकारचे, चार तारखांचे पैसे लागले पाहिजेत. भारतात आम्ही हे 'उधारी' या एका खिडकीत उरकतो. इथे ती मुख्य खिडकी आहे.

दुपारी बाईंनी चपाती आणि मडोंडो मागवलं. चपाती पराठ्यासारखी पदर सुटलेली, मडोंडो म्हणजे राजम्याच्या जातीच्या घेवड्याची आमटी. सोबत आल्याचा उकळलेला चहा. पोटभर आणि स्वस्त.

मंगळवार: इंडस्ट्रियल एरिया

सकाळी हार्डवेअरचं गोदाम, दुपारी औषधांचा वितरक. दोन्हीकडे पहिला प्रश्न सारखाच: "ईटिम्स आहे का?"

ईटिम्स म्हणजे केनियाच्या महसूल खात्याची, केआरएची, इलेक्ट्रॉनिक बिलांची व्यवस्था. २०२३ च्या वित्त कायद्याने ती सगळ्या धंद्यांना लागू झाली आणि जानेवारी २०२४ पासून ईटिम्सचं बिल नसेल तर तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे सक्ती वरून येण्याआधी गिऱ्हाइकाकडूनच येते. ज्याच्याकडे ईटिम्सचं बिल नाही त्याच्याकडून घाऊक खरेदी कोणी करत नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ते नसेल तर बाकीचा डेमो ही करमणूक.

जोडणीचे दोन रस्ते. सतत इंटरनेट असलेल्या दुकानासाठी ओएससीयू, थेट केआरएच्या सर्व्हरशी. इंटरनेट जातं-येतं, किंवा बिलांचा ढीग असतो, तिथे व्हीएससीयू. हा आपल्याच यंत्रावर बसवायचा मध्यस्थ प्रोग्रॅम, तो बिलावर सही-शिक्का करून नंतर वर पाठवतो. गोदामात बसल्या-बसल्या वीज गेली आणि इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू राहिला, राउटर बंद. व्हीएससीयू का हवा, हे समजावून सांगायला कोणी लागलं नाही.

कामाचे बारकावे असे. प्रत्येक वस्तू आधी नोंदवावी लागते, तिचा वर्गीकरण क्रमांक लागतो, आणि आपला वस्तू-संकेत ठरलेल्या साच्यात बसवावा लागतो: देश, वस्तूचा प्रकार, वेष्टन, मोजमाप, मग अनुक्रमांक. चाळीस हजार सुटे भाग असलेल्या दुकानात हेच काम आठवडे खातं. कराचे पाच गट आहेत: ए म्हणजे करमुक्त, बी १६ टक्के, सी शून्य दर, डी व्हॅटबाहेर, ई ८ टक्के. ए, सी आणि डी तिन्हींत कर शून्यच येतो, म्हणून प्रोग्रॅमर ते एकत्र करतात. विवरणपत्रात ते तीन वेगळ्या रकान्यांत जातात आणि औषध वितरकाचा सगळा हिशेब तिथेच फिरतो. विकलेला माल परत आला तर बिल खोडता येत नाही, मूळ बिलाचा क्रमांक देऊन क्रेडिट नोट. यंत्र पहिल्यांदा नोंदवताना मिळणारी किल्ली जपून ठेवायची. संगणक फॉरमॅट करून 'परत नोंदवू' म्हटलं तर उत्तर येतं की हे यंत्र नोंदलेलंच आहे.

खरेदीदाराचा केआरए पिन अकरा अक्षरांचा: पुढे ए किंवा पी, मध्ये नऊ अंक, शेवटी एक अक्षर. ए व्यक्तीचा, पी कंपनीचा. तो चुकला तर खरेदीदाराला व्हॅटची वजावट मिळत नाही आणि तो भांडायला दुकानात येतो, म्हणून बिल करतानाच तपासणी हवी.

आणि हे सगळं झाल्यावरही दुसऱ्यांच्या वतीने जोडणी करणाऱ्याला केआरएची मान्यता लागते. चाचणी-सर्व्हरवर सगळे प्रकार चालवून दाखवायचे, कागदपत्रं, मग अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक. पुण्यात बसून हे होत नाही. इथे दोन पर्याय उरतात: केनियात कंपनी काढणं, किंवा ज्याच्याकडे मान्यता आहे त्याच्याशी हातमिळवणी.

संध्याकाळी लुथुली अ‍ॅव्हेन्यूला चक्कर. बिल छापायचे ८० मिलिमीटरचे प्रिंटर, बारकोड स्कॅनर, जुने-नवे संगणक, सगळं इथे. बहुतेक गिऱ्हाइकांकडे ४ जीबीचे जुने विंडोज संगणक आहेत, त्यावर आपलं सॉफ्टवेअर किती वेळात उघडतं ते इथल्याच दुकानात चालवून बघावं. खिसे आणि फोन सांभाळून. अंधार पडल्यावर मध्यवस्तीत पायी फिरू नये असं प्रत्येकाने बजावलं, आणि आम्ही ऐकलं.

बुधवार: वेस्टलँड्स, भागीदार आणि पैसे

हा दिवस काचेच्या इमारतींमध्ये गेला. स्थानिक पुनर्विक्रेते तीन तऱ्हांचे भेटले. एक, ज्याच्या भिंतीवर सगळ्या जगाच्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रं, पण दुकानात जाऊन बसायला माणूस नाही. दुसरा, ज्याने पहिल्याच बैठकीत संपूर्ण देशाचे एकाधिकार मागितले. तिसरी, दोन खोल्यांचं ऑफिस चालवणारी एक बाई. ईटिम्सची मान्यता होती, चार पोरं मोटारसायकलवर दुकानोदुकानी फिरत होती. तिने फक्त विचारलं, "शनिवारी संध्याकाळी सहाला बिल निघालं नाही तर पुण्यात फोन कोण उचलणार?" नैरोबीचे सहा म्हणजे पुण्याचे साडेआठ. आमच्या मते भागीदार निवडायची ही सगळ्यात सरळ कसोटी. प्रमाणपत्रं नका मोजू, मोटारसायकली मोजा. एकाधिकार द्यायचेच तर एका शहराचे, एका वर्षाचे, आणि विक्रीचा आकडा लिहून.

भाव शिलिंगमध्ये ठेवायचा की डॉलरमध्ये, यावर बरीच चर्चा झाली. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर १६० शिलिंगपर्यंत गेला होता, काही आठवड्यांतच १३० च्या आसपास उतरला. डॉलरमध्ये भाव लावणाऱ्यांची गिऱ्हाइकं त्या जानेवारीत बिथरली. शिलिंगमध्ये लावणाऱ्यांनी तोटा खाल्ला. भागीदार गिऱ्हाइकाला शिलिंगमध्ये बिल देईल, आम्ही भागीदाराला डॉलरमध्ये, आणि दर तिमाहीला भाव बघायचा, असा मध्यम मार्ग निघाला.

आता तो टीआरसी. केनियातून सॉफ्टवेअरचे पैसे बाहेर जाताना देणारा करकपात करतो. रॉयल्टी धरली तर अनिवासीसाठी दर २० टक्के. भारत-केनिया यांचा २०१६ मध्ये सह्या झालेला नवा दुहेरी कर करार तो १० टक्क्यांवर आणतो, पण रहिवासी दाखला हातात असेल तरच. दाखला नंतर पाठवतो म्हटलं तर देणारा २० कापून मोकळा होतो आणि परतावा मागत बसावं लागतं. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात मागून घ्या. त्याशिवाय भारतात त्याची वजावट घेता येत नाही.

आणि एक: ईटीएवर बैठका, डेमो, चर्चा चालतात. गिऱ्हाइकाकडे बसून सॉफ्टवेअर बसवणं हे काम समजलं जातं, त्याला वेगळा अल्पकालीन परवाना लागतो. दीर्घकाळ स्वतःची कंपनी काढून राहायचं तर गुंतवणूकदाराच्या परवान्यासाठी एक लाख डॉलरची गुंतवणूक दाखवावी लागते. छोट्या कंपनीला भागीदार का हवा, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

गुरुवार: रेल्वेने मोंबासा

मडारका एक्स्प्रेस २०१७ पासून धावते. तिकीट पहिल्या वर्गाचं ४,५०० शिलिंग, साध्याचं १,५००, एम-पेसाने. साधा वर्ग पुरेसा आहे. स्टेशन शहराबाहेर स्योकिमाऊला, सामान कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, तासभर आधी पोचावं. सकाळची, मधल्या स्थानकांवर थांबणारी गाडी घ्या. पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता, आणि मधला मोठा भाग त्सावो अभयारण्यातून जातो. तिथले हत्ती राखाडी दिसत नाहीत. लाल माती अंगावर उडवून विटेच्या रंगाचे होतात. डब्यात एकदम सगळे डाव्या खिडक्यांकडे धावले तेव्हा आठ-दहांचा कळप उभा होता.

शेजारी मोंबासाचे एक क्लिअरिंग एजंट बसले होते. सॉफ्टवेअर म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या कामाची रड सांगितली: एकाच कंटेनरमागे बंदराचं शुल्क, कर, वाहतूक, साठवण अशी दहा बिलं, काही डॉलरमध्ये, काही शिलिंगमध्ये, काही गिऱ्हाइकाच्या वतीने भरलेली ज्यावर व्हॅट लावायचा नाही. भारतात आपण यालाच 'प्युअर एजंट' म्हणतो. हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं आणि घाईने घालायचंही नाही असं तिथेच ठरलं. नवीन देश आणि नवीन धंदा एकदम धरला की दोन्ही निसटतात.

मोंबासात उतरल्यावर स्वेटर पिशवीत गेला. दमट, खारा वारा. रात्री फोर्ट जीझसजवळच्या गल्लीत 'वियाझी कराई', म्हणजे बेसनासारख्या पिठात बुडवून तळलेले बटाटे, वर चिंचेची चटणी आणि नारळाची. पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या भिंतीला टेकून ते खायचे.

शुक्रवार: मोंबासा

शुक्रवारी दुपारी बारा ते अडीच भेट ठेवू नका. नमाजासाठी निम्मा बाजार बंद असतो. सकाळी सातला न्याहारी, 'माहामरी' आणि 'म्बाझी': गोडसर तळलेल्या पुऱ्या आणि नारळाच्या दुधातली तूर. मग नऊ ते बारा दोन दुकानं.

इथे कळला तारखेचा घोळ. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवलं तर इथे रात्री साडेनऊला पुण्यात मध्यरात्र होते. उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानांची साडेनऊनंतरची बिलं दुसऱ्या दिवसात पडतात. महिनाअखेरीस तीच बिलं दुसऱ्या महिन्याच्या व्हॅटमध्ये जातात, आणि विवरणपत्र २० तारखेला भरायचं असतं. साठवण जागतिक वेळेत करायची आणि दाखवताना दुकानाची वेळ लावायची. तसंच आकड्यांचं. आपल्याकडे १,००,०००, तिथे १००,०००. अक्षरी रक्कम 'वन लॅक' अशी छापलेली पावती बघून तिथल्या हिशेबनीस बाई हसल्या आणि म्हणाल्या, बँक हे घेणार नाही. लाख-कोटी कोडमध्ये किती ठिकाणी रुतलेलं असतं ते शोधायला लागल्यावरच समजतं: अक्षरी रकमेत, अहवालांच्या शीर्षकात, एक्सेलमध्ये पाठवताना.

शनिवार-रविवार

विमानाने दार. उतरताना पिवळं कार्ड बघितलं, केनियातून येणाऱ्यांचं बघतातच. रविवारी समुद्र.

सोमवार: कारियाकू, दार एस सलाम

पूर्व आणि मध्य आफ्रिकेचा माल जिथून सुटतो असा हा बाजार. झांबिया, काँगोचे व्यापारी इथून भरून नेतात. सकाळी दहाच्या भेटीला स्वाहिलीत 'सा न्ने', चौथा तास, म्हणतात, कारण तास सूर्योदयापासून मोजतात. वेळ ठरवताना आकडा लिहून घ्या.

केनियाचं काम इथे जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. व्हॅट १८ टक्के. महसूल खात्याची व्यवस्था वेगळी: दुकानात ईएफडी, म्हणजे कर खात्याला विक्री कळवणारं पावतीचं यंत्र, किंवा त्याच्या जागी आभासी व्हीएफडी. संदेश एक्सएमएलमध्ये, प्रमाणपत्राने सही केलेले, आणि रोजचा झेड-अहवाल, म्हणजे दिवसभराच्या विक्रीची बेरीज, गेलाच पाहिजे, विक्री झाली नसली तरी. करदात्याचा क्रमांक नऊ अंकी, म्हणून केआरए पिनची तपासणी इथे काढावी लागते. एम-पेसा नाव तेच, पण इथे ती व्होडाकॉमची, एपीआय वेगळं, आणि शेजारी एअरटेल मनी, मिक्स बाय यास, हॅलोपेसा या तशाच सेवा. केनियात एकाशी जोडलं की भागतं, इथे निदान तिघांशी. डॉलरला अडीच हजारांच्या आसपास शिलिंग मिळतात, त्यामुळे घाऊक बिल कोटींत जातं आणि पावतीच्या ८० मिलिमीटरमध्ये रकाना मावत नाही. परकी चलनात भाव लावण्यावर मार्च २०२५ पासून बंदी आहे, तेव्हा इथलं बिल भागीदाराने शिलिंगमध्येच द्यायचं.

ताडपत्री आणि भांड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने सरळ सांगितलं की कराचं सॉफ्टवेअर घेऊन येणाऱ्याकडे इथे संशयाने बघतात. मे २०२३ मध्ये याच बाजाराने कर अधिकाऱ्यांच्या तगाद्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली होती. त्याला साठ्याचा हिशेब हवा होता, पण गोदामाचा आकडा सरकारला जाणार नाही याची खात्री आधी. विक्रीचं बोलणं कराच्या बाजूने सुरू करायचं नाही, चोरी आणि तुटीच्या बाजूने करायचं, हे या बाजारात शिकण्यासारखं. जेवणात 'चिप्सी मयाई', अंड्याच्या पोळ्यात बटाट्याच्या तळलेल्या फोडी. उभ्या-उभ्या खायची आणि वर शहाळं.

पुणे

दार पुढच्या वर्षावर ढकललं. नैरोबीत मोटारसायकलवाल्या बाईंशी सहा महिन्यांचा करार, किरिन्यागा रोडचं दुकान पहिलं. कोडमध्ये आधी घड्याळ, मग लाख-कोटी, मग एम-पेसाचा ताळा, आणि ईटिम्स त्यांच्या मान्यतेवरून. चाळीस हजार सुट्या भागांचं वर्गीकरण पुण्यातून करायचं ठरलं आहे, कारण नाना पेठेतल्या गिऱ्हाइकांमुळे भागांची नावं इथल्या मुलांना पाठ आहेत. परदेशी बिलं सुरू झाली की सॉफ्टेक्स फॉर्म, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यातीची घोषणा, एसटीपीआय या सरकारी संस्थेकडे भरायचा, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत. महिन्याची सगळी बिलं एकत्र भरली तर शेवटच्या बिलापासून ३० दिवस. बँकेला पैसे कशाचे आले ते याच कागदावरून कळतं, आणि छोट्या कंपन्यांचे पहिले डॉलर बहुतेक इथेच अडकून बसतात.